धर्मादाय हॉस्पिटल नेमकं कशावर चालतं?

गावकुसाबाहेर

आमच्या तालुक्याच्या गावी ट्रस्टचं एक जुनं हॉस्पिटल आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. विषय त्या एकट्या हॉस्पिटलचा नाही, आणि विश्वस्तांपैकी दोघे नात्यातले आहेत. पन्नासेक खाटा, एक ऑपरेशन थिएटर, बाळंतपणं, सर्पदंश, हायवेवरचे अपघात. परवा विश्वस्तांनी गावातल्या काही जणांना बोलावून सांगितलं की असं आता फार दिवस चालायचं नाही, एक कंपनी चालवायला घ्यायला तयार आहे. मग मीटिंगमध्ये जे व्हायचं तेच झालं. काही म्हणाले देणग्या गोळा करू, काही म्हणाले सरकारच्या गळ्यात घाला, आणि एक काका म्हणाले की गरिबाकडून पैसे घ्यायला लागलात तेव्हाच पुण्य संपलं.

देणग्या इमारतीला मिळतात हे दिसतंच. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर कुणाच्या ना कुणाच्या आजोबांची संगमरवरी पाटी आहे. पण भूलतज्ज्ञाचा पगार, ऑक्सिजन, जनरेटरचं डिझेल, रात्रपाळीच्या सिस्टर, यांच्यावर कुणी पाटी लावत नाही. तो खर्च निघतो कुठून? अशी हॉस्पिटलं ज्यांनी आतून किंवा जवळून पाहिली आहेत त्यांनी लिहा. सल्लेही चालतील, पण आधी माहिती हवी.

दवंडी

सोप्पं उत्तर: करमाफी, सवलतीत जमीन आणि वर पेशंटकडून पूर्ण बिल. पुण्या-मुंबईतली धर्मादाय हॉस्पिटलं बघा. पाटीवर ट्रस्ट, आत पंचतारांकित.

हातमाग

दवंडी, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांबद्दल तुमचा राग समजू शकतो, पण मूळ प्रश्न लहान गावातल्या पन्नास खाटांचा आहे. तिथे पंचतारांकित काय, पंखा चालू असला तरी पुरे असतं.

मी सेवाग्रामला शिकलो, म्हणून तिथलं सांगतो. लांबेल.

कस्तुरबा हॉस्पिटलची सुरुवात १९४४-४५ च्या सुमाराची. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी आश्रमाजवळ छोटा दवाखाना सुरू केला. पेशंटची गर्दी इतकी वाढली की आश्रमाची शांतता मोडायला लागली, म्हणून दवाखाना बिर्लांच्या गेस्टहाऊसमध्ये हलवला. बायका आणि मुलांसाठी पंधरा खाटा. पुढे त्या केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी झाली आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, खेड्यातलं मेडिकल कॉलेज उभं राहिलं. आज वर्ध्याचेच काय, यवतमाळ, चंद्रपूर आणि पार तेलंगणातल्या आदिलाबादहून पेशंट येतात.

आता पैशाचं. आम्ही शिकत असताना रचना अशी होती: खर्चाचा निम्मा भाग केंद्र सरकार, पाव भाग राज्य सरकार आणि पाव भाग सोसायटीने स्वतः उभा करायचा. म्हणजे नाव गांधीजींचं, जागा आश्रमाची, पण पगाराचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून. हे कुणी लपवत नाही, फक्त बाहेरच्यांना वाटतं की सगळं दानावर चाललंय. दानावर पगार चालत नाहीत. गावकुसाबाहेर यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच की दर महिन्याला पैसे देणारा कुणीतरी ठरलेला लागतो. तो सरकार असेल, विमा असेल, गाव असेल, पण ठरलेला हवा.

दुसरी बाजू खर्चाची. तिथे डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिस करता येत नाही. खादी सक्तीची. औषधांची यादी आटोपशीर, जेनेरिक, खरेदी घासाघीस करून. डॉ. एस. पी. कलंत्री यांनी स्वस्त औषधांसाठी तिथे जे काम केलं त्याबद्दल त्यांनी स्वतः जाहीरपणे बरंच लिहिलंय, शोधून वाचा. एकाच औषधाचे दहा ब्रँड ठेवायचे नाहीत, एवढ्या एका नियमाने काय होतं ते कुठल्याही हॉस्पिटलच्या स्टोअरकीपरला विचारा.

हातमाग

आणि ज्वारीचं राहिलंच.

ऐंशीच्या दशकात डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विमा सुरू केला. हप्ता पैशात नाही, ज्वारीत. सुगी झाली की गावाने धान्य गोळा करायचं. भूमिहीन मजुराने कमी द्यायचं, जमीनवाल्याने एकराच्या हिशेबाने जास्त. आजारी पडल्यावर मात्र दोघांना सारखीच सेवा. गावातल्या बहुतेक घरांनी सामील व्हायचं ही अट होती, चार घरांसाठी योजना नव्हती. अचानक आलेलं दुखणं फुकट. आधी माहीत असलेलं, म्हणजे साधं बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया, यात पेशंटने थोडा वाटा उचलायचा.

ज्वारीवर हॉस्पिटल चालत नव्हतं, हे स्पष्ट लिहितो. त्या धान्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन आणि साधी औषधं निघायची. वॉर्डाचा खर्च वर म्हटलं तिथूनच यायचा. पण ज्या गावाने हप्ता भरलाय त्या गावचा माणूस ओपीडीत हात जोडून उभा राहत नाही. 'आमच्या गावाला परवा गाडी का आली नाही?' असं ताडकन विचारतो. आम्ही इंटर्न असताना या प्रश्नाने वैतागायचो.

रानभाजी

ज्वारीचं पहिल्यांदाच वाचलं. आता तिकडे ज्वारी पेरतं कोण? सगळं सोयाबीन आणि कापूस. मग आता काय घेतात?

हातमाग

रानभाजी, बरोबर. ज्वारीचा पेरा विदर्भात फार घटला. रोख हप्त्याची कुटुंब विमा योजनाही हॉस्पिटलने चालवली. पण सुगीला मोजून धान्य देणं आणि खिशातून नोट काढणं यात गावकऱ्याच्या दृष्टीने फरक पडतोच. धान्य हातात असतं तेव्हा द्यायला जड जात नाही.

हिशेबनीस

मी ट्रस्टांचे ऑडिट करतो. दवंडी म्हणतात ते साफ खोटं नाही, म्हणून कायदा काय आहे ते लिहितो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. कलम ४१ कक. यानुसार ज्या धर्मादाय रुग्णालयांचा वार्षिक खर्च ५ लाखांच्या वर आहे त्यांनी गरिबांसाठी खाटा राखायच्या. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढली. अलीकडच्या आकड्यांप्रमाणे निर्धनसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. यासाठी इतर पेशंटच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची, आणि खर्च त्यातूनच दाखवायचा.

खरी गोम इथे आहे. ज्या हॉस्पिटलची बिलं कोट्यवधींची, त्याच्या निधीत २ टक्क्यांनीही मोठी रक्कम जमते, आणि ती न वापरण्याच्या युक्त्याही तिथेच जन्माला येतात. लहान गावातल्या हॉस्पिटलचं उलटं असतं. तिथे येणारा बहुतेक पेशंटच निर्धन किंवा दुर्बल. २ टक्के कशाचे काढणार? निधी वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत संपतो आणि उरलेलं वर्ष ट्रस्ट स्वतःच्या खिशातून चालवतो किंवा चालवत नाही. एकच कायदा, पण त्याचं ओझं वेगवेगळ्या खांद्यांवर पडतं.

देणगीबद्दल: आयकरात सवलत मिळते म्हणून देणगीदार येतो हे खरं. पण तो कॉर्पसला, म्हणजे कायम ठेवीला, किंवा यंत्राला देतो. 'डायलिसिसचं मशीन मी दिलं' म्हणता येतं. 'मार्च महिन्याचा डायलिसिस टेक्निशियनचा पगार मी दिला' असं म्हणणारा एखादाच. मग मशीन येतं, त्याच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट परवडत नाही, आणि दोन वर्षांनी ते आच्छादन घालून कोपऱ्यात बसतं. माझ्या एका अशिलाकडे असं एक सोनोग्राफी मशीन आहे, त्यावर हार घालून पूजा तेवढी बाकी आहे.

दवंडी

हिशेबनीस, म्हणजे तुम्हीच कबूल करताय की मोठे चोर सुटतात.

हिशेबनीस

'युक्त्या' म्हटलं मी, चोर नाही. पण हो, वाद घालत बसत नाही.

खर्डेकरीण

माझं माहेर जामखेड तालुक्यातलं. आरोळे दवाखाना म्हणतो आम्ही. सीआरएचपी (कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट) वगैरे नावं बाहेरून येणाऱ्यांसाठी.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरला शिकलेले. आधी आमच्याच नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक दुखणी मुळात होऊच नयेत अशी आहेत. बरं करून पाठवलेलं पोर पुन्हा तेच घाण पाणी पिऊन परत येतं. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. सुरुवात जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. त्यांनी हॉस्पिटल ठेवलं, पण कामाचं वजन गावात नेलं. प्रत्येक गावाने एक बाई निवडायची, बऱ्याचदा निरक्षर, बऱ्याचदा दलित वस्तीतली, आणि तिने बाळंतपण, हगवण, वजन, लस हे बघायचं. आमच्या गावच्या सेविकाबाई माझ्या आजीला दरडावायच्या. आजी जातीने वरची, तरी ऐकून घ्यायची. नातवाची हगवण थांबली होती ना त्यांच्या हातून.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बोअर घ्यायचे होते. जागा अशा ठरल्या की पाणी दलित वस्तीत लागलं. पाण्याला सगळ्यांनाच जावं लागणार. आता याला हॉस्पिटलचा खर्च म्हणायचा का? हिशेबनीस सांगतील. पण पुढच्या वर्षांत गॅस्ट्रोचे किती पेशंट आले नाहीत, याचं बिल कुणाच्या नावे फाडणार?

१९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. १९७८ च्या, प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या अल्मा-आटा परिषदेच्या आधीच जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडचं काम जगापुढे मांडलं होतं. जगभरातून लोक शिकायला येतात आणि जामखेडच्या स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला इंग्रजीत पत्ता विचारतात, तोही इंग्रजीत सांगतो.

गावकुसाबाहेर, तुमच्या हॉस्पिटलने आजवर गावांत जाऊन काय केलं? राग मानू नका. ज्या हॉस्पिटलची गाठ फक्त दुखण्यात पडते त्याच्यासाठी लोक मीटिंगला येतात, पण भांडत नाहीत.

गावकुसाबाहेर

राग कसला. लसीकरणाचे कॅम्प आणि डोळ्यांची शिबिरं, त्यापलीकडे नाही. शिबिराचे फोटो मात्र भरपूर आहेत.

कृष्णाकाठ

मिरजेचं कुणी लिहिलं नाही म्हणून. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आले आणि १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं. त्यांच्या नावाची वॉनलेसवाडी आजही आहे. मिरज जंक्शन असल्यामुळे बेळगाव, कोल्हापूर, पुणे, तिन्ही बाजूंनी रेल्वेने पेशंट यायचे. आमच्या घरात 'मिरजेला नेलं' याचा अर्थ ऑपरेशन झालं असाच होता.

पण इथे मुद्दा वेगळा आहे. या एका हॉस्पिटलभोवती गावच डॉक्टरांचं झालं. तिथे शिकलेले, तिथे उमेदवारी केलेले लोक बाहेर पडले आणि आपापले दवाखाने थाटून बसले. १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेजही मिरजेतच निघालं. आता विचार करा: धर्मादाय हॉस्पिटलने शिकवायचं, नाव करायचं, आणि पैसे देऊ शकणारा पेशंट रस्ता ओलांडून समोरच्या खाजगीत जायचा. मागे उरतो तो न देऊ शकणारा. हे गाव मोठं होण्याचं फळ आहे आणि मूळ संस्थेच्या मानेवरचा फासही. यावर कुणाकडे तोडगा असेल तर मला वाचायला आवडेल.

रानभाजी

लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाचंही कुणी लिहा ना. किल्लारीच्या भूकंपात त्यांनी खूप केलं होतं एवढंच ऐकून आहे. आणि गडचिरोलीला बंग दांपत्याच्या शोधग्राममध्ये दवाखान्याला माँ दंतेश्वरी या आदिवासींच्या देवीचं नाव आहे, कारण आदिवासींना मोठ्या पांढऱ्या इमारतीची भीती वाटायची. इमारतीही गोंडी घरांच्या धर्तीवर. मला ते फार आवडलं होतं.

प्रेअरीतला पुणेकर

मी अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका छोट्या गावात इंटर्निस्ट, म्हणजे मोठ्या माणसांचा फिजिशियन, आहे. वस्ती काही हजार, चहूकडे गहू. इथलं हॉस्पिटलही ना-नफा तत्त्वावरचं. भारतातल्या अनेक डॉक्टरांप्रमाणे मीही जे-वन व्हिसाच्या सवलतीमुळे इथे आलो: डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करा, मग मायदेशी परत जाण्याची अट माफ. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस जागा मिळतात. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत पटेल, रेड्डी, कुलकर्णी का दिसतात त्याचं हे एक कारण. बरेच जण तीन वर्षं झाली की शहर गाठतात. मी राहिलो, मुलांची शाळा आवडली म्हणून.

पैशाचं गणित थोडक्यात. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने गावोगावी हॉस्पिटलच्या इमारतींना केंद्राचा पैसा मिळाला. म्हणजे इमारतीला पैसा मिळण्याचा रोग इथेही जुनाच. पुढे ऐंशीच्या दशकात मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी विम्याने, आजारानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. कमी पेशंट असलेल्या हॉस्पिटलांना ती पुरेना आणि नव्वदच्या सुरुवातीपर्यंत चारशेहून जास्त ग्रामीण हॉस्पिटलं बंद पडली. त्यानंतर १९९७ मध्ये 'क्रिटिकल अ‍ॅक्सेस हॉस्पिटल' असा वर्ग केला. जास्तीत जास्त २५ खाटा, सर्वसाधारणपणे दुसरं हॉस्पिटल ३५ मैलांपलीकडे, पेशंटचा मुक्काम सरासरी ९६ तासांच्या आत. बदल्यात मेडिकेअर ठरावीक दर न देता प्रत्यक्ष खर्चाच्या १०१ टक्के देतं. २०१३ च्या सरकारी खर्चकपातीनंतर हातात ९९ च पडतात, हा भाग वेगळा. अशी हॉस्पिटलं कॅन्ससमध्ये सर्वांत जास्त आहेत.

यात मला पटलेली गोष्ट ही: रात्री तीन वाजता एकही पेशंट नसला तरी इमर्जन्सीत डॉक्टर आणि नर्स बसवावीच लागते. तो खर्च पेशंटच्या संख्येवर अवलंबून नाही. अग्निशमन दलाला आपण आगीमागे पैसे देत नाही. इथे निदान तत्त्वतः ते मान्य झालंय. आपल्याकडे पॅकेजचा दर ऑपरेशनला आहे, जागं राहण्याला नाही.

सगळं छान आहे असं नाही. बाळंतपणाचे विभाग धडाधड बंद होतायत, कारण वर्षाला थोडी बाळंतपणं आणि चोवीस तास टीम ठेवायची म्हणजे शुद्ध तोटा. बायका तास-दीड तास गाडी चालवत जातात, बर्फातही.

दवंडी

अग्निशमन दलाचं पटलं. पण मग सरळ सरकारनेच चालवावं ना? ट्रस्ट मध्ये कशाला?

हातमाग

ग्रामीण रुग्णालयांत मंजूर पदं असतात आणि रिकामी असतात. ट्रस्टमध्ये निदान पद भरायला मंत्रालयाची वाट बघावी लागत नाही. सेवाग्रामला पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, प्रवेश हवा तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा करावी लागायची, त्यामुळे आसपासच्या बऱ्याच धर्मादाय केंद्रांना तरुण डॉक्टर मिळाले. हा रस्ता गावकुसाबाहेर यांच्या विश्वस्तांनी तपासावा. आमच्या वेळी प्रवेशपरीक्षेत गांधी विचारांचा वेगळा पेपर असे. 'नीट' ही देशभरची एकच प्रवेशपरीक्षा आल्यावर तो गेला. त्या पेपरमुळे सगळे गांधीवादी होत असत असं मुळीच नाही, घोकून पास होणारेही होते, पण खेड्यात जायचंय हे निदान माहीत असायचं.

रात्रपाळी

मी भूलतज्ज्ञ आहे, तीन तालुक्यांत फिरते. डॉक्टर का थांबत नाहीत यावर एक ओळ: पगार हे कारण असतंच, पण त्याहून मोठं कारण एकटेपण. सर्जन एकटा, भूल देणारी एकटी, रक्तपेढी जिल्ह्याला. सिझरिंगमध्ये रक्तस्राव सुरू झाला की तुम्ही आणि घड्याळ. आणि काही बिनसलं तर पेशंटचे नातेवाईक आधी, सोशल मीडिया नंतर. कंपनी आली तरी हे बदलणार नाही, आणि ती दोन वर्षांत बाळंतपण विभाग बंद करून गुडघे बदलायला लागेल. गुडघ्यात पैसे आहेत.

मी ज्या हॉस्पिटलांत जाते त्यांतल्या ज्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजना घेतली आहे त्यांचे पेशंट वाढले. पण दाव्यांचे पैसे उशिरा येतात आणि लहान ट्रस्टला ते महिने काढणं जड जातं. मोठं हॉस्पिटल कर्ज काढतं, लहान हॉस्पिटल माझी फी थकवतं. विश्वस्तांना एवढंच सांगा: देणगी मागायचीच असेल तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी गंगाजळी उभी करायला मागा. त्याला पाटी लावा हवं तर.

गावकुसाबाहेर

रात्रपाळी, हे थेट पुढच्या मीटिंगमध्ये मांडते. हातमाग, दोन वर्षांच्या सेवेबद्दल सविस्तर विचारायचंय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. खर्डेकरीण, तुमचा प्रश्न मी विश्वस्तांना विचारला. एक जण म्हणाले, 'गावात जायला गाडी कुठाय?' दुसरे म्हणाले, 'आहे की, शववाहिका.' दोघेही गंभीर होते.

ज्वारीची कल्पना आमच्याकडे ऊस आणि दुधावर बसेल का, याचा विचार करतेय. दूध संकलन केंद्राचं बिल दर दहा दिवसांनी होतं. लिटरमागे काही पैसे कापायला सभासद तयार झाले तर तो ठरलेला पैसा होईल. डेअरीचे चेअरमन आणि आमचे विश्वस्त एकमेकांशी बोलत नाहीत, ही अडचण वेगळी.

कृष्णाकाठ

लिटरमागे कापायचं असेल तर आधी सभासदांच्या सर्वसाधारण सभेत ठराव हवा आणि प्रत्येकाची लेखी संमती घ्या. नाहीतर पहिल्या निवडणुकीत हाच मुद्दा होईल.

चंद्रभागा

विषयाला धरून नाही, पण तातडीचं आहे. वडिलांना जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय हॉस्पिटलमध्ये दाखल करायचंय. निर्धन कोट्यासाठी काय काय लागतं?

हिशेबनीस

चंद्रभागा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड (पिवळं किंवा केशरी), दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर ते, आणि आधार. काउंटरवर विचारू नका, तिथे 'बेड नाही' हेच उत्तर मिळतं. हॉस्पिटलमधल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, कागद तपासणं त्यांचं काम आहे. तातडीचा पेशंट असेल तर योजनेप्रमाणे आधी अनामत रक्कम मागता येत नाही, जीव वाचवण्यापुरते उपचार सुरू करावेच लागतात. दाखला मिळायला वेळ लागणार असेल तर अर्जाची पावती जवळ ठेवा. नाकारलं तर लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा उपआयुक्त कार्यालयात द्या. कोणता जिल्हा ते व्यनित सांगा, तिथल्या कार्यालयाचा पत्ता पाठवतो.